पुणं लागतं

बोट मला कधी लागली नाही.
पहिल्या फेरीला तांडेल दाऊद वस्ता
आल्याचा तुकडा मुठीत धरून वाट बघत राहिला,
मग त्यानंच तो चहात टाकला.

मला पुणं लागतं.
अकरा दिवसांनी स्वारगेटला उतरलं
की फलाट डावीकडे कलतो.
मी पाय फाकवून उभी. रिक्षावाला म्हणतो,
धायरीचे अडीचशे होतील, मॅडम,
आणि माझा हात आपोआप वहीकडे जातो:
सहा वाजून दहा. वारा नाही.

आई दारातच पिशवी घेते,
कपडे दोनदा भिजवते, एकदा सोड्यात,
खालच्या देवस्थळीबाईंना सांगते
मुलीची नोकरी फिरतीची आहे.
खोटं नाही ते.

मावशीला मात्र नीट समजावून हवं असतं.
मासे मी धरत नाही, विकत नाही.
जाळं वर आलं की मोजते.
वाकटी, राणी मासा, माकूल, शिंगाडा,
आणि खाली उरते ती कुटी,
बोटाएवढी सुरमई, नखाएवढा हलवा,
फळीवर आडवे करून, मिलिमीटरात.
जे परत पाण्यात फेकतात तेही.
जास्त करून तेच.
"म्हणजे नुसती बघतेस."
हो. बघण्याचे पैसे मिळतात मला.
"आणि ते लोक बघू देतात?"

शुक्रवारी पहाटे तीनला,
चौथ्या ओढीत,
कासव आलं.
हललं नाही.
तिलकनं, ज्यानं सोळाव्या वर्षापर्यंत
समुद्र पाहिला नव्हता, डोटीत फक्त नदी,
त्यानं ते मागून उचलून धरलं, पोटातलं पाणी निघावं म्हणून,
चाळीस मिनिटं,
अडलेल्या गायीशी बोलावं तसं
आपल्या भाषेत काहीबाही पुटपुटत.
बाकीचे मासे निवडत राहिले.
मग त्यानं ते काठावरून सोडलं.
पोहलं की बुडलं,
बत्तीच्या उजेडापलीकडे काळं पाणी होतं नुसतं.

दाऊदभाई न पेटवलेली बिडी चावत म्हणाला,
ह्या नको लिवू, बाय.
रागानं नाही. मीठ मागावं तसं.
अकरा दिवस मी त्याच्या टोपातला भात खाल्लेला.

आज रविवार. तक्ता उद्या द्यायचा.
मी गणेश पेठेत मासळी बाजारात जाते,
बर्फावर पापलेटं ओळीनं,
माझी वीत एकोणीस सेंटिमीटर,
पापलेट तिच्यात मावतं, वर जागा उरते.
अंडी कधी घालणार होतीस गं, असं तोंडातल्या तोंडात.
परदेशीबाई कोयता थांबवून विचारते,
घ्यायचंय का नुसतं मोजायचंय?

बांगडे घेतले, चार.
पिशवी ठिबकत होती, तरी उगाच
स्टेशनपर्यंत चालत गेले.
फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी,
गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात
समुद्रसपाटीपासून उंची, मीटरमध्ये,
दशांशचिन्हापुढचे आकडेसुद्धा.
कुणीतरी ते मोजलं असणार.
घाट चढत, काठी रोवत, वहीत लिहीत,
आणि त्यालाही वाटेत कुणी जेवू घातलं असणार.

रात्री बांगडे तळताना
खालची खिडकी लागल्याचा आवाज आला.
मी तक्ता उघडला.
कासव, एक. लांबी सदुसष्ट. वेळ पहाटे तीन.
पुढे दोनच चौकोन: जिवंत, मृत.
दोन्ही मोकळे ठेवले.
शेऱ्याच्या रकान्यात, जो कुणी वाचत नाही, लिहिलं:
खलाशी तिलक बोहरा यांनी चाळीस मिनिटं धरून ठेवलं.
त्यापुढे, ज्याचे मला पैसे मिळतात
त्याच्या नेमकं उलट:
दिसलं नाही.

दाऊदभाईचा फोन आला, गुरुवारी निघतो म्हणाला.
लिहिलंस का, ते विचारलं नाही.
मागे इंजिन गरम होत होतं.
माझ्या कपातला चहा
डावीकडे कलला, सांडला नाही.